भिंतीला टेकवलेला क्यू

सुरुवातीलाच वाचकांची माफी मागतो. मी बिलियर्ड कधी खेळलेलो नाही. ते हिरवं टेबल मी अजून डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही, आणि ज्या काठीनं तो खेळ खेळतात त्या काठीबद्दल लिहायला बसलोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं कसं लिहितात हे सांगणारंही कुणी नाही. दोनदा लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्यांदा लिहितोय ते एवढ्याचसाठी, की जे एका माणसाला समोर बसून सांगायला हवं होतं, ते मला सांगता आलं नाही. चुकलं असेल तिथं समजून घ्यावं.

आमचं गाव पैठणच्या पलीकडं. घरी मेंढरं. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानात असायचे. मी मॅट्रिक होऊन औरंगाबादला कॉलेजात नाव घातलं तेव्हा पोलीस अ‍ॅक्शनला वीसेक वर्षं होत आली होती. हॉस्टेलात जागा मिळाली नाही. कुणाच्या तरी ओळखीनं छावणीच्या बाजूला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागची खोली मिळाली. भाडं नको म्हणाले. नळावरून पाणी भरायचं आणि इंग्रजी पत्रं लिहून द्यायची, एवढंच. मी त्यांना चाचा आणि चाची म्हणू लागलो. दोघांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी असायचं. मी इथं ते बरंचसं मराठीतच लिहितो.

पहिल्या दिवशी ट्रंक ठेवून त्यांच्या पुढच्या खोलीत गेलो आणि दारातच थबकलो. छताच्या वाशांना सुतळीनं बांधून काठ्या टांगलेल्या होत्या. दोडक्याच्या मांडवाखाली आल्यासारखं वाटलं. सगळ्या खाली जाड, वर निमुळत्या, आणि टांगलेल्या मात्र निमुळत्या बाजूनं. दारातून वारा आला की जरा हलायच्या, पण एकीचा दुसरीला धक्का लागत नव्हता, इतकं मोजूनमापून अंतर ठेवलेलं.

"वाकून ये," चाची आतून म्हणाल्या. "चौदा सवती आहेत माझ्या. कुणाला धक्का लागला तर यांना जेवण जात नाही."

"चौदा नाही, तेरा," चाचा खाटेवरून म्हणाले. "चौदावी आपली नाही. अमानत आहे."

"ऐकलंस? परक्याची पण सांभाळते मी."

चाचा उंच होते आणि सत्तरीतही ताठ. हात मात्र शिंप्याच्या हातासारखे मऊ, नखं बारीक कापलेली. निजामाच्या वेळी छावणीतल्या क्लबात ते मार्कर होते. मार्कर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं की टेबलाचं कापड ब्रशनं झाडायचं, क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली बसवायची, फळ्यावर गुण मांडायचे, आणि नव्या साहेबाला उभं कसं राहायचं ते त्याला अपमान वाटू न देता शिकवायचं.

"आणि ह्या काठ्या?" मी विचारलं.

"काठी नक्को बोलू. काठी बकरीवाल्याकडे असते. हा क्यू."

मी बकरीवाल्याचाच मुलगा होतो, पण त्या दिवशी सांगितलं नाही.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, जुने साहेब कुणी हैदराबादला, कुणी त्याच्याही पुढं निघून गेले. क्लबात दुसरं ऑफिस आलं. टेबल मोडलं. त्याच्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जाड लाद्या असतात, त्या कुणीतरी विहिरीवर धुणं धुवायला नेल्या. चाचांनी मला ती विहीरही दाखवली. एक बाई त्या लादीवर वाकळ आपटत होती. चाचा म्हणाले, "या दगडावरून चेंडू जायचा तर आवाज यायचा नाही." बाईनं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि वाकळ उलटी करून आपटायला लागली.

क्यू मच्छरदाणीचे दांडे म्हणून वाटून टाकायचं ठरलं होतं. त्यातले सहा चाचांनी मागून घरी आणले. बाकीचे त्यांनी पुढच्या वीस वर्षांत गावभर फिरून जमवले. कुणाकडं वाळवणीची काठी झालेला, कुणाकडं पडद्याची दांडी, एक तर एका मास्तरांकडं होता. मास्तरांनी त्याचं काय केलं होतं हे चाचा सांगत नसत. नुसतं म्हणायचे, "पोरांचं नशीब, वरचा भाग लवचीक होता."

चौदावा क्यू एका साहेबांचा होता. तरुणपणी ते क्लबात पहिल्यांदा आले आणि खेळता खेळता क्यू भिंतीला टेकवून पाणी प्यायला गेले. भिंतीला टेकवलेला क्यू वाकतो. ओली भिंत असेल तर आठवड्यात वाकतो, कोरडी असेल तर वर्षात, पण वाकतोच. चाचांनी तो उचलून क्यू ठेवायच्या घोडीवर लावला आणि साहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं, "आज आपण बाहेर बसावं." मार्करनं साहेबाला बाहेर काढलं ही गोष्ट छावणीत पंधरा दिवस पुरली. साहेब खरंच बाहेर बसले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, आता शिकवा. पुढं गाव सोडून जाताना त्यांनी आपला क्यू चाचांच्या हातात ठेवला होता. मागवून घेईन, तोवर सरळ ठेवा, म्हणाले होते.

सरळ ठेवा, एवढाच शब्द. त्यासाठी चाचांनी तो वीस वर्षं टांगून ठेवला. भिंतीपासून लांब, चुलीपासून लांब. दर शुक्रवारी खाली काढून मऊ फडक्यानं पुसायचा, मग खोलीतल्या एका शहाबादी फरशीवर सोडायचा. ती फरशी त्यांनी पाणी ओतून तपासलेली होती, एक थेंब कुठंच पळत नव्हता. सरळ क्यू तिच्यावरून गरगरत जाताना एकसारखा आवाज करतो, जात्याच्या पाळीसारखा. वाकडा असला की टक, टक करतो. चाचा डोळे मिटून ऐकायचे.

त्यांनी मला बघायला शिकवलं. अंगाचं लाकूड विलायती, पिवळसर पांढरं, अ‍ॅश म्हणतात. त्याच्यावर रेघांची बाणासारखी टोकं एकावर एक चढत गेलेली असतात. मुठीकडचा भाग काळ्या आबनुसाचा. हे दोन्ही जोडायला कुणी खिळा मारलेला नसतो. काळ्या लाकडाची चार लांब पानं पांढऱ्या लाकडात घुसलेली असतात आणि चारही पानांची टोकं एका उंचीवर येतात. हे हातानं केलेलं. बोट फिरवलं तर कुठं काळं संपलं आणि कुठं पांढरं लागलं ते कळत नाही. साहेबांच्या क्यूवर मी पहिल्यांदा बोट फिरवलं तेव्हा मला आमच्या मेंढ्यांच्या कातरलेल्या पाठी आठवल्या, का ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या वर्षी चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि क्यू शोधायला ते मला बरोबर न्यायला लागले. दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळांच्या पाट्या लागतात. तिथल्या एकाच्या ताडपत्रीला पुढून टेकू होता, आणि तो टेकू मलाच आधी दिसला. रंग गेलेला, पण रेघा चढत गेलेल्या.

"चाचा, ह्ये लाकूड इथलं नाय," मी म्हणालो. त्यांच्यापुढं गावाकडचं तोंडातून गेलं.

चाचांनी नखानं टिचकी मारली, कान लावला, आणि सीताफळवाल्याला म्हणाले, "भाऊ, ही काठी देणार का?"

"अन् मांडव काय तुमच्या डोक्यावर धरू?"

"त्याच्याहून चांगला बांबू देतो."

"ह्याच्यात काय हाय असं? सोनं हाय का आतून?"

"काही नाही. जुनी ओळख आहे."

"माझ्या बापानं लावलेली हाय ती. तुमची ओळख लई उशिरा निघाली."

आम्ही परत आलो, आणि पुढच्या रविवारी दोन बांबू खांद्यावर घेऊन एस.टी.नं पुन्हा दौलताबादला गेलो. कंडक्टर म्हणाला, बांबूंची तिकिटं काढा. सीताफळवाल्यानं दोन्ही बांबू ठेवून घेतले, क्यू दिला आणि वर चार सीताफळं दिली. येताना चाचा म्हणाले, "लाकूड कसं ओळखलंस?"

तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडं मेंढरं असतात.

त्यांनी क्यू दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी मी काय बोललो होतो, ते तू ऐकलं होतंस."

"व्हय."

"मग बोलला का नाहीस, गधे?"

त्या हिवाळ्यात आबा शहरात आले. धरणासाठी जमिनींची मोजणी चालू होती आणि त्यांना कचेरीत काही दाखवायचं होतं. घोंगडं, पटका आणि हातात काठी. छताकडं पाहून ते म्हणाले, "येवढ्या काठ्या, अन् मेंढरू एक नाय."

चाची पदर तोंडाला लावून हसल्या. चाचांनी आबांची काठी मागून घेतली. मला लाज वाटली, काठीला मेंढरांचा वास होता. चाचांनी ती आधी हातावर तोलली आणि मग, मी बघतच राहिलो, त्या फरशीवर सोडली. काठी बोराटीची, गाठी तासलेल्या. ती गेली, आणि जवळजवळ एका आवाजात गेली.

"सरळ आहे," चाचा म्हणाले. "कशी ठेवता?"

आबा उकिडवे बसले आणि सांगायला लागले. वाकली की गोड्या तेलानं माखायची, निखाऱ्यांच्या आरावर फिरवत धरायची, चरचरली की गुडघ्यात घालून दाबायची आणि गार होईस्तोवर सोडायची नाही. "लाकूड बी जित्राबच हाय," आबा म्हणाले. "ऊब दिली की ऐकतंय."

"वा," चाचा म्हणाले. शेजारचा कुणी हाक मारत आला आणि बोलणं तिथंच राहिलं. पण माझ्या बापाची काठी त्या फरशीवर चालली होती आणि चाचांनी वा म्हटलं होतं. मी कितीतरी दिवस ते मनात घोळवत होतो.

मी चाचांसाठी साहेबांना इंग्रजीत तीन पत्रं लिहिली होती, हैदराबादच्या जुन्या पत्त्यावर. उत्तर नव्हतं. चौथ्याला आलं. एक कार्ड, थरथरत्या अक्षरात. दसऱ्यानंतर येतो. क्यू अजून सरळ आहे का?

चाचांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लिही. आपण ठेवला तसाच आहे."

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं.

त्यानंतरच चाचा डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाले. दोन वर्षं चाची मागं लागल्या होत्या, ऐकत नव्हते. आता म्हणायला लागले, साहेब आले तर क्यू डोळ्याला लावून शेंड्यापर्यंत बघायचाय, त्यांच्यासमोर. भादव्यात ते सरकारी दवाखान्यात भरती झाले. ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दहा-बारा दिवस हलू देत नसत. चाची तिथंच राहिल्या. किल्ली माझ्याकडं दिली.

"काही करायचं नाही," चाचा म्हणाले. "सकाळी खिडकी उघडायची, दुपारी लावायची. बाकी हात लावायचा नाही."

चौथ्या दिवशी पाऊस लागला तो थांबेना. पाचव्या दिवशी मी खिडकी उघडायला गेलो तर कौलातून पाणी गळत होतं, आणि ते नेमकं साहेबांच्या क्यूच्या सुतळीवरून खाली उतरत होतं. मी सुतळी कापली, क्यू पुसला. दुसरी मोकळी सुतळी टांगलेली नव्हती. कॉलेजात त्या दिवशी अकराला परीक्षा होती आणि साडेदहा झाले होते. मी तो दारामागं उभा केला, आल्यावर टांगू म्हणून. दुसऱ्या वाशाला सुतळी बांधायला पाच मिनिटं लागली असती.

आल्यावर विसरलो. याला मी दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. पाच पेपर होते. मी रोज सकाळी यायचो, खिडकी उघडायचो आणि दार आत भिंतीकडं ढकललेलं असल्यामुळं त्याच्यामागं काय आहे ते दिसायचं नाही. आठ दिवसांनी चाचीनं निरोप पाठवला की परवा सोडतायत, घर झाडून ठेव. झाडायला दार पुढं ओढलं तेव्हा तो दिसला. भिंतीला ओल चढली होती. क्यू मुठीच्या थोडा वर, जोडाच्या जवळच, धनुष्यासारखा वाकला होता. फार नाही. पण मी फरशीवर सोडला तर टक, टक, टक.

मी खाली बसलो. मला काही सुचेना, आणि मग एकच सुचलं. माझ्या रक्तात तेवढीच एक विद्या होती.

चाचीची शेगडी पेटवली. गोडं तेल लावलं. कोळसे लाल झाल्यावर वरची राख फुंकली आणि आबांसारखाच फिरवत धरला, जिथं वाक होता तिथं. लाकूड गरम झालं, मला तळहाताला कळलं. मी गुडघ्यात घालून दाबलं आणि ते ऐकायला लागलं. खरंच ऐकलं. वाक उतरत होता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं आबांचं नाव घेतलं.

तेवढ्यात वास आला. आमच्याकडं मेंढराचे खूर डागतात, तसा वास. मला तो लहानपणापासून माहीत आहे, म्हणून कळलं, पण कळायला उशीर झाला होता. तो जोड सरसानं जोडलेला होता, आणि सरस कातड्या-खुरांचाच करतात. त्याला आच लागली की तो पुन्हा पातळ होतो. काळ्या लाकडाचं एक पान टोकापासून उकललं. माझ्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत, करकर करत बोटभर उठलं. मी दाबून धरलं. किती वेळ धरलं कुणास ठाऊक. सोडलं की पुन्हा उठायचं. आणि मधला वाक सरळ होता होता दुसऱ्याच अंगाला गेला होता.

आमची मेंढरांची काठी म्हणजे एका लाकडाची. ती गाठीगाठीनं एक असते. हा क्यू दोन लाकडांचा होता, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. चाचांनीच शिकवलं होतं. मी त्याच्यावर बोट फिरवून पाहिलं होतं आणि जोड कुठं आहे ते बोटाला कळलं नाही याचं मला कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुताराकडं नेला. तो बैलगाड्यांची कामं करायचा. क्यू उलटसुलट करून म्हणाला, "दार असतं तर खिळा मारून दिला असता. ह्याला कोण मारील खिळा?"

"काहीतरी करा काका. उद्या मालक येणार आहेत."

"मंग मालकाला सांग."

"नाय सांगता येणार."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग सरस कढवला, पान बसवलं आणि सुतळीनं आवळून बांधून दिलं. सकाळी सुतळी सोडली तेव्हा पान बसलं होतं, पण टोकाशी केसाएवढी कड उरली होती. मी काजळी लावून ती काळी केली. आणि जुन्या जागी, नव्या सुतळीनं, टांगून टाकला.

चाचा रिक्षातून उतरले ते डोळ्यावर हिरवी पट्टी आणि वर काळा चष्मा. खाटेवर बसले आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "साहेबांचा काढ."

"डोळे तरी उघडू द्या," चाची म्हणाल्या. "सवत कुठं पळून चाललीय?"

"काढ."

मी काढून हातात दिला. त्यांनी मांडीवर आडवा घेतला आणि चामड्याच्या टिकलीपासून बोट फिरवत खाली आले. पांढऱ्यावरून काळ्याकडं. बोट जोडावर आलं आणि तिथं थांबलं. थोडं मागं गेलं, पुन्हा आलं. पुन्हा थांबलं. मग त्यांनी क्यू नाकाशी नेला. मी सकाळपासून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पण तेलाचा वास लाकडातून जात नाही.

"फरशी पुसलीय?"

"व्हय."

ते खाटेवरून खाली उतरले, चाचपडत ती फरशी शोधली आणि क्यू सोडला. टक, टक, टक. भिंतीपाशी जाऊन थांबला.

चाची आतून गूळ घेऊन येत होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांनाही तो आवाज वीस वर्षांचा माहीत होता.

"पावसानं फरशी खचली असेल," चाचा म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण ते माझ्याकडं वळले, हिरव्या पट्टीनं माझ्याकडं पाहावं तसे, आणि म्हणाले, "परीक्षा कशी गेली?"

"बरी गेली," मी म्हणालो.

त्यानंतर मी चार वेळा सांगायला गेलो. एकदा पाण्याची घागर उतरवून त्यांच्यासमोर बसलोसुद्धा. ते म्हणाले, चहा घे. मी चहा घेतला. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि ते दर शुक्रवारी बाकीचे क्यू उतरवून बघायला लागले. चौदावा पुसायचे, पण फरशीवर सोडत नसत. डोळ्यालाही लावत नसत. मी समोर असलो की मुद्दाम दुसरंच काही काम सांगायचे. मला वाटायचं त्यांना कळलंय. मग वाटायचं, कळलं असतं तर एवढ्या रागीट माणसानं मला घरात ठेवलं नसतं. झाडू भिंतीला टेकवला तरी चाचीवर ओरडणारा माणूस होता तो. त्या वर्षभर मी रोज या दोन्ही गोष्टी आळीपाळीनं मानत होतो.

आबांनी पुढच्या खेपेला विचारलं, "म्हाताऱ्याच्या काठ्या बऱ्या हायेत का?"

"बऱ्या हायेत."

"वाकली एखादी तर सांग. मी नीट करून देईन."

दसरा झाला, दिवाळी झाली, साहेब आले नाहीत. तब्येतीचं कारण कळवलं होतं. ते कार्ड वाचून दाखवताना माझा आवाज मोकळा झाला, हे मला नीट आठवतं, आणि चाचांच्याही लक्षात आलं असणार. मला साहेब यायला नको होते. ज्यांची वाट बघत एक माणूस वीस वर्षं बसला होता, ते कधीच येऊ नयेत असं मला वाटत होतं.

बी.ए. झालो आणि बी.एड.साठी परगावी आलो. निघताना पाया पडलो. चाचा म्हणाले, "पत्र लिही. आता मला वाचता येतं." मी लिहिलं नाही. जे लिहायचं होतं ते सोडून दुसरं काय लिहावं ते कळेना, आणि दिवस जात गेले.

गेल्या महिन्यात इथल्या हॉस्टेलच्या पत्त्यावर एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर अनोळखी. लिहिणाऱ्यानं सुरुवातीलाच खुलासा केला होता की तो आता माझ्या खोलीत राहतो, तोही कॉलेजात आहे, कन्नड तालुक्यातला, आणि चाची सांगतात तसं लिहून देतोय. पत्र असं होतं:

चाचा रमजानच्या आधी गेले. आजारी फार नव्हते. तुला कळवायला पत्ता नव्हता, तो आता तुमच्या कॉलेजातून मिळाला. तू घाबरू नकोस, त्रास झाला नाही. क्यू सगळे तसेच टांगलेले आहेत, चौदावा सोडून. तो साहेब घेऊन गेले. तू गेल्यावर थंडीत साहेब आले होते. फार म्हातारे झालेत, हात कापतात, क्यू धरता येत नाही. त्यांनी जोडावर बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुणी केलं. चाचा म्हणाले, मी. मीच भिंतीला टेकवून ठेवला होता, मग भीती वाटून शेगडीवर धरला. मी मध्ये बोलणार होते, पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी आत गेले. साहेब म्हणाले, एवढ्यासाठी तुम्ही मला खोलीबाहेर काढलं होतं. चाचा हौ म्हणाले आणि उठून खरंच बाहेर ओट्यावर जाऊन बसले. साहेबांनी हाताला धरून आत आणलं. दोघांनी चहा घेतला. तुला सांगू नको म्हणाले होते, पोराची परीक्षा असते. आता ते नाहीत म्हणून सांगते. बाकी सगळं ठीक. कौलं शाकारून घेतली. साहेब आले त्या दिवसानंतर मी झाडू भिंतीला टेकवला तरी ते मला काही बोलले नाहीत.